डिग्री कुठली घेऊ? आधी चाळीस जाहिराती वाचा, मग बोलू

"सध्या कशाला स्कोप आहे?" हा प्रश्न मला वर्षातून निदान वीस जण तरी विचारतात. माझं काम भरतीचं, दिवसभर लोकांचे रेझ्युमे वाचायचे, त्यामुळे सगळ्यांना वाटतं याच्याकडे काहीतरी आतली खबर असणार. खबर वगैरे काही नाही हो. पण इतकी वर्षं हे काम करून एक गोष्ट पक्की कळलीय की हा प्रश्नच उलटा आहे. आधी डिग्री ठरवायची आणि मग तिच्यावर काम शोधत फिरायचं यात माणूस फसतो. काम आधी बघायचं आणि तिथून मागे मागे येत डिग्रीपाशी पोचायचं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे, लांबलंय जरा, सवडीने वाचा.

मी स्वतः उलटंच केलं होतं म्हणून एवढं ठासून सांगतोय. २००३ ला मानवी जीनोमचा प्रकल्प पूर्ण झाला, जिकडे तिकडे तीच चर्चा, आता पुढचं शतक बायोलॉजीचं म्हणे, आणि मी जाऊन बायोटेकला ॲडमिशन घेतली. विषय छान होता, आवडायचाही. पण नोकरीच्या जाहिराती पहिल्यांदा नीट वाचल्या त्या शेवटच्या वर्षाला, आणि तेव्हा कळलं की मला जे काम करायचं होतं, म्हणजे लॅबमधलं रिसर्च, त्याला जवळजवळ सगळीकडे मास्टर्स नाहीतर पीएचडी मागतात, आणि नुसत्या बॅचलर्सवर मिळतं ते म्हणजे नमुने तपासा, नोंदी ठेवा, नाहीतर लॅबची मशीनं विका. मला कुणी फसवलं नव्हतं. त्या जाहिराती चार वर्षं आधीही तिथेच होत्या, वाचल्या नव्हत्या मीच.

चाळीस जाहिरातींची शीट

गेल्या वर्षी भाची मागे लागली, मामा मला पर्यावरण शास्त्र करायचंय, चांगलं करिअर होईल ना? मी म्हटलं मला नको विचारू, लॅपटॉप आण. एक संध्याकाळ बसून आम्ही पर्यावरणाशी संबंधित चाळीस जाहिराती गोळा केल्या, फक्त फ्रेशर ते तीन वर्षं अनुभव एवढ्याच, कारण पंधरा वर्षं अनुभववाल्या डायरेक्टरच्या जाहिराती वाचून स्वप्नं छान पडतात पण उपयोग शून्य. एक्सेलमध्ये पाच कॉलम केले: पदाचं नाव, कुठली डिग्री मागितलीय, कुठलं सॉफ्टवेअर किंवा स्किल, रोजचं काम काय, आणि लायसन किंवा सर्टिफिकेट लागतं का.

पहिल्या दहा जाहिरातींतच तिचा चेहरा बदलायला लागला. तिच्या डोक्यात पर्यावरण म्हणजे जंगल, प्राणी, कॅमेरा. शीटमध्ये येत होतं ते मातीचे आणि पाण्याचे नमुने, कारखान्याच्या परवानग्या, सांडपाणी, आवाजाची पातळी मोजणं, आणि रिपोर्ट, रिपोर्ट, रिपोर्ट. चाळीसपैकी सव्वीस जाहिरातींत रिपोर्ट लिहिता आला पाहिजे असं स्पष्ट लिहिलेलं, बावीसमध्ये जीआयएस म्हणजे नकाशे करायचं सॉफ्टवेअर, सतरा जणांना इंजिनिअरिंगची डिग्री पाहिजे होती, सिव्हिल, केमिकल किंवा एन्व्हायर्नमेंटल, आणि "पर्यावरण शास्त्र किंवा समकक्ष" म्हणणारे अकराच निघाले. नऊ ठिकाणी ड्रायव्हिंग लायसन लागत होतं, साइटवर एकट्याने जायला लागतं म्हणून! हे कुठल्या कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडणार तुम्हाला?

आता यातून "पर्यावरण शास्त्र घेऊ नको" असं अजिबात निघत नाही. निघतं ते असं की त्याच कामाला दोन वाटांनी जाता येतं, एकीला दारं जास्त आहेत, दुसरीने गेलीस तर जीआयएस आणि लिखाण या दोन गोष्टी सोबत पक्क्या पाहिजेत. तिने दोन दिवस घेतले, थोडी रडली पण (जंगल गेलं ना हातचं) आणि मग सिव्हिल घेऊन पर्यावरणाचे इलेक्टिव्ह घ्यायचे असं ठरवलं. दुसरी कुणी तीच शीट बघून उलटा निर्णय घेईल, तोही बरोबर असेल, मुद्दा एवढाच की दोघींनी शीट बघून घेतला.

तुम्ही करताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. चाळीसच्या खाली थांबू नका, दहा-बारा जाहिरातींत काहीही चित्र दिसू शकतं. एकाच वेबसाइटवरून घेऊ नका. जिथे राहायची आणि काम करायची तयारी आहे तिथल्याच जाहिराती घ्या. आणि चाळीस सापडल्याच नाहीत तर ते सुद्धा उत्तरच आहे की. शेवटचं म्हणजे, यातल्या दोन-चार पदांवर सध्या काम करणारी माणसं गाठा आणि त्यांना "हे फील्ड कसं आहे" असलं काही विचारू नका, त्यावर सगळे छान आहे म्हणतात, दुरून डोंगर साजरे. विचारा की काल सकाळी ऑफिसला गेल्यापासून निघेपर्यंत काय काय केलंत. मी बायोटेकला जायच्या आधी कुणालातरी हे विचारलं असतं तर काल दिवसभर पिपेट धरून हात दुखला हे उत्तर मिळालं असतं.

स्कोप हा शिळा असतो

लोक ज्याला स्कोप म्हणतात तो असतो गेल्या तीन-चार वर्षांचा. आणि तुम्ही बाहेर पडणार पुढच्या चार वर्षांनी. मध्ये आठ वर्षांचा खड्डा. अर्थशास्त्रात याला कॉबवेब म्हणजे कोळीष्टकाचं मॉडेल म्हणतात, हार्वर्डचे रिचर्ड फ्रीमन यांनी १९७० च्या दशकात इंजिनिअर लोकांच्या बाबतीत हे दाखवून दिलं होतं: पगार वाढले की पोरं झुंडीने त्या ब्रँचला जातात, चार वर्षांनी सगळी एकदम बाहेर येतात, बाजारात गर्दी, पगार पडतात, मग पुढची बॅच घाबरून तिकडे जात नाही, की परत चार वर्षांनी माणसंच मिळत नाहीत आणि पगार वर. असं गोल गोल चालू.

उदाहरणं डोळ्यासमोर आहेत. २००० ला डॉट कॉमचा फुगा फुटला, अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्यांची संख्या त्यानंतर काही वर्षं घसरतच गेली, आणि त्या काळात लोकांच्या शिव्या खाऊन ज्यांनी ॲडमिशन घेतली ते बाहेर पडेपर्यंत आयफोन आलेला (२००७) आणि ॲप बनवायला माणसं कमी पडायला लागलेली. याच्या उलट पेट्रोलियम इंजिनिअरिंग. २०१४ च्या मध्याला कच्चं तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं, फ्रेशर पोरांचे पगार बघून बाकीच्या ब्रँचवाले जळायचे, आणि जानेवारी २०१६ ला तेच तेल ३० डॉलरच्या खाली आलं. जो पोरगा २०१३ ला उड्या मारत शिरला त्याचं काय झालं असेल विचार करा, त्याची चूक एवढीच की त्याने आजचा पगार बघून चार वर्षांनंतरचा सौदा केला.

म्हणून माझा नियम असा, एकाच वस्तूच्या भावावर जी डिग्री उभी आहे, एकच उद्योग, एकच प्रकारचा मालक, तिच्यात शिरायचं तर डोळे उघडे ठेवून शिरा, आणि शक्यतो बॅचलर्सला रुंद डिग्री घ्या, अरुंद व्हायचं ते नंतर मास्टर्सला किंवा नोकरीत. मेकॅनिकलवाला तेलाच्या कंपनीत जाऊ शकतो, पेट्रोलियमवाल्याला मेकॅनिकलच्या कंपनीत शिरणं जड जातं. तसंच स्टॅटिस्टिक्सवाला डेटा सायन्समध्ये जातो, विम्यात जातो, औषधांच्या चाचण्यांमध्ये जातो. रुंद डिग्रीवर लोक नाकं मुरडतात, "नुसतं गणित करून काय होणार", मुरडू देत.

दारं तीन प्रकारची

हे नीट समजून घ्या कारण माझ्या मते निम्मी फसगत इथे होते.

पहिला प्रकार म्हणजे कुलूप असलेलं दार. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, आर्किटेक्ट, वकील, शाळेतला शिक्षक, बऱ्याच देशांत सही करणारा सिव्हिल इंजिनिअर. इथे डिग्री आणि तिच्यावरचं लायसन नसेल तर तुम्ही कितीही हुशार असा, आत घेतच नाहीत. फायदा असा की बाहेरची गर्दीही आत येत नाही. नर्सिंगचंच घ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या रिपोर्टप्रमाणे जगात ५९ लाख नर्स कमी होत्या. काम कष्टाचं आहे, रात्रपाळ्या आहेत, पाय दुखतात, पण नोकरी मिळेल का हा प्रश्न त्यांना सहसा पडत नाही. घरात नर्सिंगचं नाव काढलं की चेहरे पडतात आणि तेच लोक कुठल्यातरी चकचकीत नावाच्या मॅनेजमेंट डिग्रीला कर्ज काढून पाठवतात, हे मला आजवर समजलेलं नाही.

कुलूपवाल्या दाराला एकच गोष्ट तपासायची, पण ती जीव ओतून तपासायची: या कॉलेजची ही डिग्री लायसन देणाऱ्या संस्थेला चालते का? कॉलेजच्या ऑफिसात विचारू नका, लायसन देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः बघा. आणि दुसऱ्या देशात काम करायचा विचार असेल तर तिथलंही बघा. इंजिनिअरिंगमध्ये वॉशिंग्टन अकॉर्ड नावाचा करार आहे, १९८९ चा, त्यातले देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त डिग्र्या बरोबरीच्या मानतात, पण गंमत अशी की तो सगळ्या कॉलेजना सरसकट लागू होत नाही, त्या त्या कोर्सला मान्यता असावी लागते. त्याच कॉलेजच्या एका ब्रँचला असते, शेजारच्या ब्रँचला नसते.

दुसरा प्रकार अर्धवट दार. माझं बायोटेक, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र असे विषय. बॅचलर्स झालं म्हणजे तुम्ही व्हरांड्यात आलात, आतल्या खोलीसाठी अजून मास्टर्स किंवा पीएचडी. मानसशास्त्राची बॅचलर्स करून समुपदेशनाचं दुकान थाटता येईल असं समजून येणारी पोरं मी दरवर्षी बघतो, तसं होत नाही, क्लिनिकल कामाला त्याच्या पुढचं शिक्षण आणि देखरेखीखाली केलेले तास लागतात. विषय वाईट नाहीयेत. फक्त हिशोब करताना तीन-चार वर्षांचा करू नका, सहा-सात किंवा दहा वर्षांचा करा आणि मग बघा झेपतंय का.

तिसरं उघडं दार. सॉफ्टवेअर, मार्केटिंग, डिझाइन, कंटेंट, सेल्स. इथे डिग्री कुठलीही चालते, कधीकधी नसली तरी चालते, पण बघतात ते काम. म्हणजे इथे जायचं असेल तर डिग्रीच्या नावापेक्षा चार वर्षांत तुम्ही काय बनवलंत ते मोठं. उघड्या दाराचा तोटा उघडच आहे, सगळेच येतात. २०२२ च्या नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं त्यानंतर तर साधं काम करणाऱ्या नवशिक्यांना या दारात जास्तच धक्के बसतायत असं मला माझ्या टेबलावरून दिसतं, जिथे आधी चार फ्रेशर घ्यायचे तिथे आता दोन घेतात आणि त्या दोघांकडून टूल्स वापरून चौघांचं काम मागतात.

एक चौथा उपप्रकार म्हणता येईल, डिग्रीच्या शेजारची शिडी. अकाउंटिंगवाल्यांना एसीसीए या अकाउंटंटच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत तेरापैकी नऊपर्यंत पेपरांची सूट मिळू शकते, ॲक्चुअरीच्या (विम्यातली जोखीम मोजणाऱ्यांच्या) परीक्षांमध्येही मान्यता असलेल्या कोर्सला काही पेपर माफ होतात. दोन कॉलेजं सारखीच वाटत असतील आणि एकाच्या कोर्सला अशी सूट असेल तर डोळे मिटून ते घ्या, दीड-दोन वर्षं वाचतात.

माहितीपत्रकातले आकडे कसे वाचायचे

"९५ टक्के प्लेसमेंट". बरं. कितींपैकी? समजा वर्गात १२० जण आहेत. त्यातले ज्यांचे मार्क एका मर्यादेच्या वर आणि एकही विषय राहिलेला नाही असेच प्लेसमेंटला "पात्र", ते झाले ६०. त्यातल्या ५७ जणांना ऑफर मिळाली. ५७ भागिले ६०, आले ९५ टक्के! पूर्ण वर्गाचं बघाल तर ४७.५ टक्के. खोटं कुणीच बोललं नाही. त्यात एकाला दोन ऑफर असतील तर दोनदा मोजलेल्या असू शकतात, आणि ५७ पैकी किती जणांना त्या विषयातलंच काम मिळालं हे तर कुणी लिहीतच नाही.

मग "सरासरी पॅकेज". वीस जण धरा, एकोणीस जणांना ४ आणि एकाला ८४ (परदेशातली ऑफर, त्याचा फोटो गेटवर लावलेला असतो). एकूण १६०, भागिले २०, सरासरी आली ८. आणि ८ कुणालाच मिळालेले नाहीत! बास्केटबॉलवाला मायकेल जॉर्डन, त्याची डिग्री नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातली भूगोलाची, आता त्याला धरून भूगोलवाल्यांची सरासरी काढा आणि सांगा भूगोलाला जबरदस्त स्कोप आहे. म्हणून नेहमी मीडियन मागायचा, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधल्या माणसाचा पगार किती. वरच्या उदाहरणात तो ४ आहे. आणि त्याहून चांगलं म्हणजे खालच्या चतुर्थांशाचा विचारा, कारण आपण वर्गात पहिले येऊ असं प्रत्येकाला वाटतं आणि खाली पण कुणालातरी राहावंच लागतं.

आकडा नाही दिला तर? मग लिंक्डइनवर जा, कॉलेजचं नाव आणि पाच वर्षांपूर्वी पास झालेलं वर्ष टाका, तीस प्रोफाइल उघडा आणि बघा आज कोण कुठे आहे. पाच वर्षांपूर्वीचेच का, तर पहिली नोकरी नशिबावर असू शकते, पाच वर्षांनंतरची जागा सहसा नशिबावर नसते. याला अजून एक कारण आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी कदीम नोरे यांच्यासोबत २०२० ला केलेल्या अभ्यासात दिसलं की कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंगवाले सुरुवातीला बाकीच्यांपेक्षा बरेच पुढे असतात पण तो फरक पहिल्या दहाएक वर्षांत कमी होत जातो, कारण ज्या स्किल्सवर पगार मिळाला होता त्या जुन्या होतात. म्हणजे सुरुवातीचा पगार बघून दोन डिग्र्यांची तुलना करणं म्हणजे पहिल्या ओव्हरवरून मॅचचा निकाल लावणं.

(आणि हो, गेट्स आणि झकरबर्ग कॉलेज सोडून मोठे झाले हे मला सांगू नका. ते सोडून आले ते हार्वर्ड होतं, आणि सोडताना हातात चालू धंदा होता.)

नाव मोठं लक्षण खोटं

डिग्रीच्या नावाला भुलू नका, सिलॅबस उघडा. माझ्याकडे एकदा दोन उमेदवार आले, एकाच्या डिग्रीच्या नावात एआय, मशीन लर्निंग, डेटा असं सगळं एकत्र कोंबलेलं, दुसऱ्याची साधी स्टॅटिस्टिक्स. पहिल्याला विचारलं, दोन गटांच्या सरासरीत फरक आहे तो खरा की योगायोगाने आला हे कसं ठरवशील, तर तो कोडिंगच्या तयार लायब्ररीचं नाव सांगायला लागला, ही इम्पोर्ट करतो आणि हे फंक्शन मारतो. बरं, ते फंक्शन आत काय करतं? शांतता. नंतर त्याच्या कॉलेजचा सिलॅबस कुतूहलाने बघितला, चार वर्षांत स्टॅटिस्टिक्सचा एक पेपर. बाकी टूल्स, आणि त्यातली दोन तर तो पास होईपर्यंत कुणी वापरत नव्हतं. पोराचा दोष नव्हता.

सिलॅबस बघताना तिसरं आणि चौथं वर्ष बघा, पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच असतं. एक पेन घ्या आणि प्रत्येक विषयासमोर लिहा की हे दहा वर्षांनी पण उपयोगी असेल का. गणित, लिखाण, संख्याशास्त्र, अकाउंटिंगची तत्त्वं, शरीररचना, कायद्याची मूलतत्त्वं, हे टिकतं. एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव असलेला विषय टिकत नाही. थोडे असले तर चालतील, निम्मे तसलेच असतील तर सावध व्हा. आणि शिकवणारे कोण आहेत तेही बघा, काल सुरू झालेल्या कोर्सला काल मिळेल तो शिक्षक असतो.

दोन विषयांची जोडी हाही चांगला डाव आहे. २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपायचा कायदा लागू झाला आणि कित्येक संस्थांना डेटा प्रोटेक्शन ऑफिसर नेमणं भाग पडलं, आता त्या नावाची बॅचलर्स कुणाकडेच नव्हती, जागा मिळाल्या त्या कायदा येणाऱ्या आणि कॉम्प्युटर समजणाऱ्या लोकांना, किंवा उलट. बायोलॉजी अधिक स्टॅटिस्टिक्स, भाषा अधिक प्रोग्रामिंग, नर्सिंग अधिक मॅनेजमेंट. एका विषयात पहिल्या दहा टक्क्यांत येणं अवघड, दोन विषयांत पहिल्या तीस टक्क्यांत येणं त्यामानाने सोपं, आणि दोन्ही येणारी माणसं कमी.

एआय सगळं खाणार का

माहीत असल्यासारखं बोलणारे खूप आहेत, उचलली जीभ लावली टाळ्याला. २०१३ ला ऑक्सफर्डच्या दोघांनी, फ्रे आणि ऑसबॉर्न, अंदाज काढला होता की अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना ऑटोमेशनचा मोठा धोका आहे, पुढच्या एक-दोन दशकांत. दहा वर्षं होऊन गेली, निम्मं ऑफिस काही रिकामं झालेलं नाही. २०१६ ला एआयचे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले की रेडिऑलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन बघून निदान करणारे डॉक्टर) तयार करणं आता थांबवायला पाहिजे, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं बघेल. हे हिंटन म्हणजे साधेसुधे नव्हेत, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालंय त्यांना. आणि रेडिऑलॉजिस्ट आजही कमीच पडतायत. त्या माणसाला ऐकून कुणी एखाद्या पोराने रेडिऑलॉजी सोडली असेल तर?

यावरून मी जे करतो ते एवढंच: त्याच चाळीस जाहिरातींच्या शीटमध्ये "रोजचं काम" हा कॉलम परत वाचतो आणि विचारतो की यातलं किती काम नुसतं स्क्रीनवर एकाच प्रकारचं परत परत आहे, किती ठिकाणी माणसासमोर बसावं लागतं, साइटवर जावं लागतं, किंवा चुकलं तर कुणाचीतरी मान अडकते म्हणून सही लागते. सही, साइट आणि समोरासमोर, हे तीन स जितके जास्त तितकं बरं. खात्रीचं नाही हे, पण कुणाच्या भाकितापेक्षा बरं.

तुम्हाला ते झेपतंय का

इथे मी थोडक्यात सांगतो कारण यावर सगळेच बोलतात. आवड आवड करत बसू नका, आवड बदलते. झेपतं का ते बघा, आणि ते ॲप्टिट्यूड टेस्टने कळत नाही तेवढं एका रविवारी कळतं. त्या डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाचं पुस्तक कुठूनतरी मिळवा, एक धडा वाचा, मागचे दहा प्रश्न सोडवा. लेक्चर्स तर फुकट आहेत, एमआयटीने २००१ ला आपले कोर्स सगळ्यांसाठी खुले करायचं जाहीर केलं, गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनियर अल्जेब्राची लेक्चर्स तिथेच आहेत, इंजिनिअरिंग किंवा डेटाकडे जायचं असेल तर पहिली तीन बघा आणि सोबतचे प्रश्न सोडवा. कंटाळा येणं चालतं. सोडवताना दोन तास कसे गेले कळलं नाही तर उत्तम. तिसऱ्या प्रश्नाला लॅपटॉप फेकावासा वाटला तर पुढची चार वर्षं तेच आहे. अर्धवट सोडलेल्या डिग्रीएवढी महाग डिग्री दुसरी नाही, फी गेली, वर्षं गेली, हातात कागदही नाही.

पैशाचं

फी एवढाच खर्च नसतो, शिकत असताना जी कमाई झाली नाही ती पण धरा आणि कर्जावर शिकताना चढणारं व्याज पण. माझा ढोबळ हिशोब: एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या मीडियन पगाराच्या वर जायला लागलं की थांबून परत विचार करायचा, दुपटीच्या वर गेलं तर नाही. आई-वडिलांना हा हिशोब पोरांनी स्वतः करून दाखवावा, कागदावर, वाद निम्मे मिटतात. आणखी एक, डिग्रीच्या वर्षांची लांबी बघा. काही देशांत बॅचलर्स तीन वर्षांची, काही ठिकाणी चारची, आणि पुढे बाहेर मास्टर्सला जायचं असेल तर काही विद्यापीठं तीन वर्षांची डिग्री अपुरी मानतात. हे आधी बघितलेलं बरं, नंतर वरातीमागून घोडं.

मंदीत बाहेर पडलात तर? ते आपल्या हातात नाही. कॅनडातल्या पदवीधरांच्या अभ्यासात दिसलंय की मंदीत पास झालेल्यांची कमाई सुरुवातीला जवळपास ९ टक्के कमी असते आणि ती भरून यायला दहाएक वर्षं लागू शकतात, पण त्यातही जे पहिल्या नोकरीला चिकटून न राहता लवकर चांगल्या कंपनीत सरकतात ते आधी सावरतात. एवढं लक्षात ठेवा.

इंटर्नशिप डिग्रीच्या आतच आहे का

दोन सारख्या कोर्समधून एक निवडायचा असेल तर मी हेच बघतो. काही विद्यापीठांत को-ऑप नावाची पद्धत आहे, एक सत्र वर्गात, एक सत्र पगारी कामावर, आलटून पालटून. सिनसिनाटी विद्यापीठात ती १९०६ पासून आहे, कॅनडाच्या वॉटरलूमध्ये १९५७ ला विद्यापीठ सुरू झालं तेव्हापासून. असं करून आलेला रेझ्युमे माझ्या टेबलावर आला की तो वेगळा ठेवला जातो, कारण त्या पोराला उशिरा येऊ नये, मेलचं उत्तर द्यावं, न समजलं तर विचारावं, हे शिकवायला लागत नाही. को-ऑप नसेल तर निदान एक पूर्ण सत्र इंटर्नशिपसाठी मोकळं आहे का ते विचारा, उन्हाळ्यातले सहा आठवडे म्हणजे ओळख होईपर्यंत निरोप समारंभ.

आणि आधीच चुकीच्या डिग्रीत असाल तर

पहिल्या वर्षात असाल तर आजच शीट करा, कारण बदलायची खिडकी बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन सत्रांनंतर बंद होते किंवा क्रेडिट वाया जातात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असाल तर सहसा बदलू नका, पूर्ण करा आणि इलेक्टिव्ह, प्रोजेक्ट, इंटर्नशिप हे तिन्ही तुम्हाला हव्या त्या दाराकडे वळवा. शेवटच्या वर्षात असाल तर माझ्यासारखे आहात. मी बायोटेकची डिग्री घेऊन एका औषध कंपनीच्या भरती विभागात चिकटलो कारण त्यांना लॅबची भाषा समजणारा माणूस मुलाखतीला पाहिजे होता, ती जाहिरात मला सदतिसावी सापडली होती. म्हणून चाळीस.

भाचीचा परवा फोन आला होता, मृदा यांत्रिकीचं प्रॅक्टिकल चालू आहे म्हणे, दिवसभर माती चाळतेय, आणि ड्रायव्हिंगच्या टेस्टला पहिल्यांदा नापास झाली.